गावात रात्रीची गस्त सुरू करून रायलो, काय काय पाहा लागन?

वावर_धुरा (यवतमाळ जिल्हा)

राम राम मंडळी. आमचं गाव लहानच हाय, सगळे एकमेकाले नावानं वळखतात. पण दसऱ्यापासून चोऱ्याइनं नुसता उच्छाद मांडला. पयले नाल्याकडच्या विहिरीवरची केबल गेली, मंग एकाच रात्री तिकडच्याच तीन-चार जणाइच्या केबली साफ, स्टार्टरच्या पेटीपासून तं थेट विहिरीच्या काठापर्यंत कापून नेली. सकाळी नाल्यात पायलं तं काळी राख अन् जळलेल्या रबराचा वास, म्हणजे तिथंच बसून तांबं काढलं गड्याइनं, कोणाले पत्ता नाही. मंग एकाचे मळणी करून वावरातच ताडपत्रीखाली ठेवलेले सोयाबीनचे कट्टे गेले, अन् परवा गावातूनच दोन बोकडं.

आता पोट्टे तापले हायेत. गावच्या ग्रुपवर रोज रात्री गस्तीची गोष्ट निघते. मले इचारायचं हे की याले ठाण्याची परवानगी लागते का, पाळ्या कशा लावाव्या, अन् कोणी सापडलाच तं करायचं काय? कारण आमचे अर्धे पोट्टे म्हणतात सापडला तं तिथंच तुडवू, मंग पोलिसाले बलावू. मले हे काही बरं नाही वाटून रायलं, पण एकट्याचं कोण आयकते. वरून गावाभाईर पारध्याइचा बेडा (वस्ती) हाय, तं काही जण सरळ बोट तिकडंच दाखवतात.

ज्याइच्या गावात गस्त चालू हाय त्याइनं जरा सविस्तर सांगा.

अकोटचा_गडी

भाऊ, गस्त सुरू करणं सोपं हाय, टिकवणं कठीण. आमच्याइकडे पयल्या आठवड्यात तं जत्राच होती, हातात काठ्या, गळ्यात मफलर, मारोतीच्या पारावर चहा, पोट्टे तर पोट्टे पन म्हातारेही येऊन बसले. मंग पत्ते निघाले. मंग पत्ते खेळणारेच उरले, ते बी पारावरून हालत नव्हते. अन् चोर काही पारावर येत नाही ना राजेहो.

मंग आम्ही बदललं. एक घर एक माणूस, पाळी ठरलेली, रजिस्टरवर सही, ज्याले जमत नाही त्यानं बदली माणूस द्यायचा नाहीतं चहा-दुधाचे पैसे. अन् सगळं वर्ष नाही करायचं, कोणीच नाही करू शकत, दिवसभर वावरात राबून रात्री कोण जागन. सोयाबीन कापणीपासून तं कापसाची शेवटची वेचणी होयेपर्यंत, बस. त्या टायमाले माल वावरात असते अन् माणसं थकून मेल्यासारखी झोपते, चोराले हेच तं पायजे.

अन् गावातल्या गल्ल्या फिरू नका, तिथं कुत्रे हायेत, ते तुमच्यापेक्षा बरं काम करतात. पांदण रस्त्यानं जा, विहिरीकडं जा, डांबरी रस्ता जिथं वावराले लागते तिथं थांबा. केबल काही डोक्यावर घेऊन कोणी दहा कोस चालत नाही, गाडी कुठं तरी उभी रायतेच. आमच्याइकडे जे गवसलं ते गाडीमुळंच गवसलं, रात्री दीड वाजता पुलाखाली नंबर प्लेटवर चिखल फासलेली पिकअप काऊन उभी असन? पोट्ट्याइनं फोटो काढला अन् जमादाराले फोन केला. हात कोणालेच लावला नाही.

अजून एक, वावरात बॅटरी दिसली की पळत सुटू नका. ज्या आठवड्यात शेतीची लाईन रात्रीची असते त्या आठवड्यात अर्धा गाव हरभऱ्याले पाणी द्याले वावरातच असते. आमच्या पोट्ट्याइनं एकदा एका काकाच्या मागं धूम ठोकली, काका बिचारा फवारा बदलून रायला होता. लाईनचा टाइम पाहूनच गस्तीचा टाइम ठरवा.

पाटील_बुलढाणा

मी स्वतः पोलीस पाटील आहे म्हणून लिहितो. आपल्याच गावात रात्री जागायला कोणाची परवानगी लागत नाही. पण दल म्हणून काम करायचं असेल तर ठाण्यात नावं देऊनच करा. महाराष्ट्र पोलीस अधिनियम 1951 मध्ये गावच्या अशा दलाची तरतूद आहे, नेमणुकीचा अधिकार एसपी साहेबांचा. प्रत्यक्षात काय होतं तर बीट जमादार यादी मागतो, आधारची झेरॉक्स, फोटो, मोबाईल नंबर, आणि ज्याच्यावर आधीच मारामारीचे गुन्हे आहेत त्याचं नाव खोडतो. ते खोडू द्या, वाद घालू नका. ठाणेदार साहेबांना एकदा गावात बोलवा, ग्रामसभेतच सगळ्यांसमोर बोलू द्या, म्हणजे पोरांचा अर्धा ताप तिथंच उतरतो.

एक घोळ नेहमी होतो, ग्राम सुरक्षा दल वेगळं आणि ग्रामरक्षक दल वेगळं. ग्रामरक्षक दल अवैध दारूसाठी आहे, 2016 साली दारूबंदी कायद्यात दुरुस्ती झाली त्यातून आलं. चोरीसाठी तो अर्ज करू नका, कागद नुसता इकडून तिकडे फिरत राहतो.

आता पकडायचं. नवीन कायदा म्हणजे भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, 1 जुलै 2024 पासून लागू आहे, त्याचं कलम 40 बघा, जुन्या सीआरपीसीत हे 43 होतं. तुमच्या डोळ्यासमोर दखलपात्र आणि अजामीनपात्र गुन्हा होत असेल तर साधा माणूससुद्धा पकडू शकतो, पण विनाकारण वेळ घालवायचा नाही, आणि फार तर सहा तासांच्या आत पोलिसांच्या ताब्यात द्यायचं. डोळ्यासमोर म्हणजे डोळ्यासमोर. "काल हा इकडं फिरत होता" याला पकडणं म्हणत नाहीत, त्यात उलट तुमच्यावरच डांबून ठेवल्याचा गुन्हा होतो. आणि मारायचा अधिकार कोणालाच नाही, पोलिसालाही नाही.

112 फिरवा, कॉल कुठून आला ते त्यांना तिकडं दिसतं आणि कॉलची नोंद राहते. गाडी यायला वेळ लागेल हे धरून चाला. तोवर लांबून नजर ठेवायची, गाडीचा नंबर, रंग, कुठल्या रस्त्यानं गेली एवढं जरी सांगितलं तरी नाकाबंदीला पुरतं.

मोरगावकर

पाटलाचं मानधन 15 हजार झालं तवापासून कायदा लय पाठ झाला हो 😄

पाटील_बुलढाणा

आधीपासून पाठ होता भाऊ, 6500 मध्ये पण हेच सांगत होतो. फक्त तेव्हा कोणी ऐकत नव्हतं.

बेड्यावरचा

मी फासेपारधी समाजाचा हाय. नाव नाही सांगत. पोस्टमधलं "बोट तिकडंच दाखवतात" हे वाचलं अन् हसू आलं, कारण हे काही आज नाही. इंग्रजाइनं 1871 साली कायदा काढून आमच्यासारख्या जमातीच्या जमाती गुन्हेगार ठरवल्या, तो कायदा 1952 ले रद्द झाला, कागदावरून गेला पण गावाच्या डोक्यातून अजून गेला नाही. कुठं बी काही गेलं की पयली गाडी बेड्यावर. झोपड्यातलं भांडं न् भांडं भाईर फेकतात, दाण्याचा डबा सांडवतात, अन् काही गवसलं नाही की उद्या ठाण्यात हजर रहा म्हणतात. त्या दिवसाची मजुरी गेलीच.

तुमच्या गावचं मले माहीत नाही. आमच्या गावात मागच्या साली गस्त निघाली तवा आम्ही सरपंचाकडे गेलो अन् सांगतलं, आमची नावं बी यादीत घ्या. मीही ठेक्यानं वावर करतो, माझी बी केबल गेली होती, ते कोणाले आठवलंच नाही. लय कुरकुर झाली. शेवटी दोन जण घेतले, पाळी गावातल्या माणसासंगच लावली. आता रात्री आमच्यातला कोणी उशिरा परत येत असन तं गस्तीवालेच म्हणतात अरे हा तं अमक्याचा भाऊ. बस, एवढंच पायजे होतं.

अन् एक सांगू का, ओल्या मातीत पायाचा माग काढणं आमच्या म्हाताऱ्याले जमते तसं तुमच्या ग्रुपच्या ॲडमिनले नाही जमत.

वावर_धुरा

दादा, तुमचं पटलं. उद्या बैठक हाय, तिथं हा विषय मी स्वतः काढतो. बेड्यावरच्या दोघाइले मी वळखतो, कापूस वेचाले आमच्याकडेच येतात. पण ग्रुपवर जे चालते ते कसं थांबवावं? काल रात्री कोणी टाकलं, "एमपी पासिंगची गाडी दिसली, पोरं पळवणारी टोळी आहे, सतर्क रहा". फोटो पायला तं कुठला गुजरातीत बोर्ड असलेला. अन् आता सोयाबीन कापाले एमपीतून मजूर आलेले हायेत, काठेवाडी गुराखी गाई घेऊन उतरले हायेत, त्याइच्याकडं लोक वाकड्या नजरेनं पाहून रायले.

वर्धेकर_ताई

हेच थांबवा आधी. बाकी शिट्ट्या-काठ्या मागून. 2018 मध्ये 1 जुलैला धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातल्या राईनपाड्याला आठवडी बाजार होता, भिक्षा मागायला आलेल्या पाच जणांना मुलं पळवणारे समजून लोकांनी ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून ठार केलं, नाथपंथी डवरी गोसावी होते ते. कशावरून, तर मोबाईलवर फिरणाऱ्या अफवेवरून. आणि 2020 च्या एप्रिलमध्ये पालघरच्या गडचिंचल्याला दोन साधू आणि त्यांचा ड्रायव्हर. तिथं तर चोर येतात म्हणून गावं रात्रीची पहाऱ्यालाच बसलेली होती, लक्षात घ्या, तुम्ही जे सुरू करताय तेच. शंभराच्या वर लोक आत गेले. त्या घरांच्या बायकांनी मग वावर कसं केलं असेल हे कोणी विचारत नाही.

आमच्या गावात बचत गटाच्या बायांनी एक केलं. गस्तीचा ग्रुप वेगळा काढला, त्यात फक्त ॲडमिनच मेसेज टाकू शकतो, आणि ॲडमिन तिघं, एक पोलीस पाटील, एक अंगणवाडी ताई, एक जमादार साहेब. काही दिसलं की पोरांनी त्यांना फोन करायचा, टाइप नाही करायचं. गावच्या मोठ्या ग्रुपवर चोरीबद्दल कोणी काही टाकलं की आमची अंगणवाडी ताई तिथंच विचारते, तू स्वतः पाहिलं का? कुठं? किती वाजता? बरेचदा मेसेज डिलीट होतो 😀

बाहेरच्या मजुरांचं म्हणाल तर ज्याच्या वावरात उतरले त्यानंच मुकादमाचा नंबर आणि माणसांची यादी पाटलाकडे द्यायची. ती बिचारी रात्री ताडपत्रीखाली झोपतात, त्यांनाही भीती असते. काठेवाडीवाले तर दरवर्षी त्याच वाटेनं येतात, ज्याच्या वावरात खतासाठी गाई बसवता त्याला त्यांचं नाव माहीतच असतं ना.

आणि आमचा जिल्हा दारूबंदीचा, पण रात्री कोण कुठून पिऊन येतं हे सगळ्या बायांना माहीत असतं. गस्तीतले पोट्टे स्वतः पिऊन येत असतील तर गस्त बंद करा, मी स्पष्टच सांगते. पिलेल्याच्या हातात काठी आणि समोर अनोळखी माणूस, पुढचं सांगायची गरज नाही.

झाडीपट्टीवाला

आमच्या ब्रम्हपुरीकडं चोर नंतर, आधी वाघ. हसू नका. इकडं वनविभागानं गावागावांत पीआरटी म्हणजे प्राथमिक प्रतिसाद पथकं केलेली आहेत, गावातलेच पोरं, त्यांना टॉर्च, काठी वगैरे देतात. वाघ दिसला की त्याच्या मागं जायचं नसते, लोकांना मागं ठेवायचं असते. गर्दी आवरणं हेच खरं काम, वाघ आपल्या वाटेनं निघून जाते, गर्दी जात नाही.

तुमच्याकडं टिपेश्वरचं अभयारण्य जवळ असेल तर हे पण पाहून घ्या. रात्री एकट्यानं पांदणीनं फिरू नका, निदान चौघं, बोलत बोलत, मोबाईलवर गाणी लावून. पहाटे अंधारात नाल्याकडं शौचाला जाणाऱ्या माणसाला हल्ल्याचा धोका असते, त्या वेळेला कोणी तिकडं दिसलं तर त्याला परत पाठवा, हेही गस्तीचंच काम समजा.

अकोटचा_गडी

केबलचं एक रायलं. चोर शोधण्यापेक्षा तांबं कुठं विकते ते पाहा. जळालेलं तांबं काळपट पडते, भंगारवाल्याले पायताक्षणीच समजते की हे वावरातलं हाय. तालुक्याचे भंगारवाले किती असन, जमादाराले सोबत घेऊन एक चक्कर मारा अन् सांगून ठेवा, आधार कार्ड पायल्याशिवाय जळकं तांबं घ्यायचं नाही. अन् मोटारीवर वेल्डिंगवाल्याकडून नावाची अक्षरं पाडून घ्या. पेंट खरवडून निघते, वेल्डिंग सहजी निघत नाही. केबलचं बिल जपून ठेवा, बिल नसलं तं तक्रार लिवतानाच गाडी अडते.

केबल पाइपातून जमिनीखाली घातली तं सगळ्यात बरं, पण पैसा लागते.

पाटील_बुलढाणा

बिलाचं बरोबर आहे. अजून एक, नवीन कायद्यात पाच हजारांच्या आतली पहिलीच चोरी असेल तर ती अदखलपात्रात जाते, म्हणजे पोलीस स्वतःहून तपास करू शकत नाहीत, म्हणून चौघांच्या केबली एकाच रात्री गेल्या असतील तर चौघांनी सोबत ठाण्यात जा, वेगवेगळे अर्ज देत बसू नका. एक टोळी, एक रात्र, असं लिहून द्या.

वावर_धुरा

लय उपकार झाले सगळ्याइचे. बैठकीत तीन गोष्टी मांडतो, यादी ठाण्यात, बेड्यावरचे दोघं यादीत, अन् ॲडमिनवाला ग्रुप. "तुडवू" म्हणणाऱ्याइले ताईचा मेसेज वाचूनच दाखवतो. ताई, तुमच्या गावात शिट्टीचे काही इशारे ठरवले का, का नुसती वाजवायची?

वर्धेकर_ताई

एक लांब म्हणजे इकडे या, तुटक तुटक म्हणजे सगळ्यांनी घरातले लाईट लावा. दुसरं जास्त कामाचं. सगळ्या घरांचे लाईट एकदम लागले की चोर थांबतच नाही. फक्त लहान पोरांच्या हाती शिट्टी लागू देऊ नका, आमच्याकडं दिवाळीत दोन रात्री गाव विनाकारण जागा झाला होता.