फेरीबोट वळली की ट्रॅक सुटतो, क्यू वाढवला तर चमक पकडतो

प्रश्न (म्हापसा): पणजीहून मांडवीच्या मुखाकडे रोखलेला कॅमेरा आहे, सेकंदाला २५ फ्रेम. मॉसी कोरिलेशन फिल्टर (बोटीच्या चित्राचा साचा फ्रेमवर जुळवून तिची जागा सांगणारा) बोट शोधतो, मागे स्थिर वेगाचा कालमन (बोट त्याच वेगाने जाईल असं धरून पुढच्या जागेचा अंदाज देणारा फिल्टर). बेतीची फेरीबोट धक्क्यापाशी वेग कमी करून वळली की अंदाज पुढे पळतो. क्यू (बोट अंदाजापासून किती ढळू शकते, याची धरलेली मोकळीक) दहापट केला, तर संध्याकाळी पाण्यावरची चमक ट्रॅक ओढून नेते. क्यू नेमका किती ठेवावा?

उत्तर (फोंडा): एकच क्यू दोन्हीकडे पुरणार नाही. कधी क्यू वाढवायचा आणि कधी आर (मोजमापात किती चूक धरायची तो आकडा), हे आधी ठरवा. दर फ्रेमला दोन आकडे काढा. पहिला, अंदाज आणि मोजमाप यांतल्या फरकाचा वर्ग, फरकाच्या कोव्हेरियन्सने (तो किती पसरेल याच्या अपेक्षेने) भागलेला. मोजमापं दोन, आडवं नि उभं, म्हणून त्याची सरासरी २ च्या आसपास हवी. १० फ्रेमची सरासरी ३.१ च्या वर गेली की काहीतरी बिनसलंय. दुसरा, मॉसीचा पीएसआर (जुळणीचं शिखर आजूबाजूपेक्षा किती उठून दिसतं तो आकडा). २० च्या वर भक्कम, ७ च्या आसपास म्हणजे बोट झाकली गेली किंवा हातची गेली.

फरक मोठा पण पीएसआर भक्कम: बोट खरंच वळतेय, क्यू वाढवा. फरक मोठा आणि पीएसआर घसरलेला: मोजमाप खोटं आहे. आर वाढवा, क्यूला हात लावू नका, आणि साचा शिकणं (नव्या फ्रेमवरून बदलणं) त्याच क्षणी थांबवा. शिकण्याचा दर ०.१२५ असेल तर पाच फ्रेममध्ये जुना साचा जवळजवळ निम्मा पुसला जातो. मग फिल्टर चमकेलाच बोट समजतो.

उत्तर (वास्को): त्याआधी वेळ तपासा. नेटवर्कवरून फ्रेम एकसारख्या अंतराने येत नाहीत, सरसकट ०.०४ सेकंद धरलं तर खोटा वेग तयार होतो. कॅमेऱ्याच्याच टाइमस्टॅम्पवरून अंतर काढा. आणि सगळ्या ट्रॅकचे फरक एकाच फ्रेमला उसळत असतील तर वाऱ्याने खांब हलतोय. पलीकडच्या काठावरच्या इमारतींचे बिंदू घेऊन ती हालचाल वजा करा. पाण्यावरचे बिंदू मुळीच नकोत.

चमकेसाठी: स्थिर केलेल्या लागोपाठच्या तीन फ्रेममधली प्रत्येक पिक्सेलची किमान किंमत घ्या. क्षणिक ठिपके बहुतेक जातात, बोट फ्रेमला एक-दोन पिक्सेलच सरकत असेल तर फक्त कडा झिजतात.

म्हापसा: मधे बार्ज (मालवाहू नौका) आडवी आली तर? फेरीबोट तीन-चार सेकंद दिसत नाही.

फोंडा: म्हणजे ७५ ते १०० फ्रेम. तेवढा वेळ नुसता अंदाज चालवा, साचा गोठवलेला. कोव्हेरियन्स आपोआप फुगतो, त्यामुळे ९.२१ चा गेटही (पहिला आकडा याच्या वर गेला की मोजमाप नाकारायचं, ती मर्यादा) रुंदावतो. त्याला पिक्सेलमध्ये कमाल मर्यादा घाला, नाहीतर बार्जच गेटमध्ये शिरते. बार्जचा वेगळा ट्रॅक ठेवा, आणि तिच्या चौकटीत पडलेलं मोजमाप फेरीबोटीला देऊ नका.