सुटे भाग जोडून केलेल्या एलईडी बल्बवर बीआयएसचा नंबर कोणाचा चालतो?

सचिव, महिला बचत गट (तासगाव)

नमस्कार. तासगाव तालुक्यातील आमच्या बचत गटाने एलईडी बल्ब जोडणीचे प्रशिक्षण घेतले असून बॉडी, ड्रायव्हर (घरची वीज एलईडीला योग्य करून देणारे सर्किट), एलईडी बसवलेली ॲल्युमिनियमची चकती, डिफ्यूझर (वरचे दुधी झाकण) आणि होल्डरमध्ये बसणारी टोपी असे सगळे भाग पुण्यातील एका व्यापाऱ्याकडून मागवून आम्ही नऊ वॅटचे बल्ब तयार करू लागलो आहोत. ओळखीपाळखीत आणि आठवडी बाजारात थोडा माल खपला. पुढे सांगलीतील एका घाऊक दुकानदाराकडे नमुने नेले, तेव्हा त्यांनी बल्ब लावून पाहिला, उजेडाबद्दल काहीच हरकत घेतली नाही, खोका मात्र उलटसुलट करून पाहिला आणि "आर नंबर (म्हणजे बीआयएस अर्थात भारतीय मानक ब्यूरोचा नोंदणी क्रमांक) कुठे आहे?" असे विचारून नमुने परत केले.

भाग पुरवणाऱ्या व्यापाऱ्याचे म्हणणे असे की ड्रायव्हरवर बीआयएसची खूण आहे, तेवढी पुरते, हवे तर तोच नंबर खोक्यावर छापा. प्रशिक्षण देणाऱ्यांनी सांगितले होते की घरगुती उद्योगाला ही अट लागूच नाही. यांपैकी एकही गोष्ट लेखी द्यायला दोघेही तयार नाहीत, म्हणून येथे विचारत आहे. नोंदणी खरोखर बंधनकारक आहे का, लहान गटाला सूट मिळते का, दुसऱ्याचा नंबर छापणे चालते का, आणि मोठी यंत्रे न घेता बल्बची सुरक्षितता आम्हाला आमच्याच खोलीत काही प्रमाणात पारखता येईल का? याशिवाय ग्रामपंचायतीने रस्त्यावरचे दिवे आमच्याकडून घेण्याची तयारी दाखवली आहे. ते याच नोंदणीत बसतील का? दिवाळी जवळ येत आहे आणि तयार माल कपाटात पडून आहे.

अनुपालन विभाग, कुपवाड एमआयडीसी

ताई, सर्वप्रथम तो ड्रायव्हरचा नंबर खोक्यावर छापू नका. बाकीचे सर्व नंतर पाहता येईल, पण हे एक पाऊल पडले की नोंदणी नसण्याच्या दोषात दुसऱ्याचा नंबर वापरण्याच्या दोषाची भर पडते.

आपण करत असलेल्या बल्बला मानकांच्या भाषेत 'स्व-बॅलास्टेड (ड्रायव्हर आतच असलेला) एलईडी दिवा' म्हणतात आणि त्याचे सुरक्षा मानक आयएस १६१०२ (भाग १) हे आहे. इलेक्ट्रॉनिक्स व माहिती तंत्रज्ञानाच्या वस्तूंसाठी केंद्र सरकारने २०१२ मध्ये सक्तीच्या नोंदणीचा आदेश काढला, एलईडी दिवे त्यात नंतरच्या टप्प्यात आले आणि २०२१ मध्ये जुन्या आदेशाची जागा नव्या आदेशाने घेतली. ही नोंदणी बीआयएसच्या २०१८ च्या अनुरूपता मूल्यमापन विनियमांतील दुसऱ्या योजनेखाली होते. गिझर, इस्त्री, वायर यांच्यावर आपण जी आयएसआयची खूण पाहतो ती पहिल्या योजनेतली; तिथे अधिकारी कारखाना तपासतात आणि परवाना देतात. आपल्या योजनेत मान्यताप्राप्त प्रयोगशाळेचा चाचणी अहवाल आणि उत्पादकाची स्वतःची हमी यांवर नोंदणी मिळते, माल बाजारात गेल्यावर नमुने उचलून तपासणी होते.

आता गैरसमजाचे मूळ. नोंदणी मिळते ती एका पत्त्यावरच्या एका उत्पादकाला, एका प्रकारच्या वस्तूसाठी आणि त्यात नोंदवलेल्या ब्रँडसाठी. ड्रायव्हरवर जो नंबर आहे तो ड्रायव्हर बनवणाऱ्याचा आहे, त्याचे मानकही वेगळे आहे, आयएस १५८८५ (भाग २, विभाग १३). तो ड्रायव्हर आपण बॉडीत बसवला, चकतीला जोडला आणि टोपी दाबली की बाजारात जाणारी वस्तू नवी होते आणि तिचे उत्पादक आपण ठरता. सुटा भाग उत्तम असला तरी जोडणीतला दोष त्या भागाच्या अहवालात दिसणार नाही, म्हणून कायद्याला पूर्ण बल्बचा अहवाल हवा असतो.

लहान उद्योगाच्या सवलतीबद्दल जे सांगितले गेले ते बहुधा दुसऱ्या आदेशांवरून आलेले असावे. घरगुती विद्युत उपकरणांसाठी २०२४ मध्ये जो व्यापक गुणवत्ता नियंत्रण आदेश निघाला त्यात लघु उद्योगांना तीन आणि सूक्ष्म उद्योगांना सहा महिने जादा दिले होते. ती मुदतवाढ होती, माफी नव्हे, आणि एलईडी बल्ब त्या आदेशात येतही नाहीत. आपल्या आदेशात गट लहान आहे म्हणून सूट नाही. बीआयएस कायदा २०१६ च्या कलम १७ मध्ये अशा वस्तू बनवणे, विकणे, वाटणे आणि विक्रीसाठी साठवणे या सर्वांना मनाई आहे, आणि कलम २९ मध्ये दोन वर्षांपर्यंत कैद किंवा पहिल्या वेळी किमान दोन लाख, पुढे किमान पाच लाख आणि मालाच्या किमतीच्या दहापटीपर्यंत जाऊ शकणारा दंड सांगितला आहे. घाबरवण्यासाठी लिहीत नाही. व्यापारी "नंबर छापा" असे सहज सांगतो आणि खोक्यावर नाव मात्र गटाचे असते, एवढे लक्षात असावे.

रस्त्यावरचे दिवे वेगळे. त्यांचे मानक आयएस १०३२२ (भाग ५, विभाग ३), त्यांची चाचणी वेगळी आणि नोंदणीही वेगळी. दिवाळीच्या माळा करण्याचा विचार असेल तर त्यांनाही त्याच मानकाचा विभाग ७ लागतो.

दुकानदार, मिरज

नमुने परत करणारा दुकानदार मी नव्हे, पण मीही तेच केले असते. नोंदणी नसलेला माल दुकानात ठेवणाऱ्यावरही कारवाई होऊ शकते. आम्ही बीआयएस केअर या ॲपमध्ये आर नंबर टाकतो. त्यात उत्पादकाचे नाव, ब्रँड आणि पत्ता दिसतो. खोक्यावर तासगावचे नाव आणि ॲपमध्ये दुसऱ्याच राज्यातला कारखाना निघाला की विषय तिथेच संपतो. खोक्यावर कमाल किरकोळ किंमत, महिना-वर्ष, उत्पादकाचा पूर्ण पत्ता आणि तक्रारीसाठी फोन नंबर हेही पाहतो, कारण वैधमापन (वजनमापे) विभागाचे निरीक्षक आले की ते तेच पाहतात. एलईडी बल्बना ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोचे ताऱ्यांचे लेबलही सक्तीचे आहे; त्याची नोंद वेगळी करावी लागते, हे कोणी सांगितले नसेल तर आत्ताच कळलेले बरे.

निवृत्त चाचणी अभियंता, सातारा

कायद्याची बाजू वर नीट आली आहे. मी तपासणीबद्दल लिहितो, कारण प्रश्नातील तोच भाग मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो आणि प्रशिक्षणात बहुतेक ठिकाणी तोच वगळला जातो. बल्ब पेटला म्हणजे बल्ब झाला, असे शिकवणारे फार आहेत.

आपल्या बल्बमधील स्वस्त ड्रायव्हर बहुधा 'नॉन-आयसोलेटेड' असणार, म्हणजे एलईडीच्या चकतीवरील तांब्याच्या पट्ट्या थेट मुख्य वीजपुरवठ्याशी जोडलेल्या असतात. त्या पट्ट्या आणि खालचे ॲल्युमिनियम यांच्यामध्ये फक्त एक पातळ विद्युतरोधक थर असतो. स्क्रू तिरका गेला, चकतीच्या कडेला सोल्डरचा थेंब ओघळला किंवा ड्रायव्हरच्या वायरचा एक तंतू बाहेर राहून टोपीच्या कड्याला टेकला, तर बल्ब नेहमीसारखाच उजळतो आणि तरीही हात लागेल त्या भागात वीज उतरलेली असते. डिफ्यूझर नुसता दाबून बसवलेला असेल आणि बल्ब काढताना तो हातात आला, तर समोर उघडी पडते ती जिवंत चकती.

प्रयोगशाळेत हेच दोष पद्धतशीर शोधतात. बल्ब आधी ४८ तास ९१ ते ९५ टक्के आर्द्रतेत ठेवतात आणि मग ५०० व्होल्ट डीसीवर वीज वाहणारे भाग व हात लागणारे भाग यांच्यातील रोध मोजतात. तो किमान ४ मेगओहम लागतो. त्यानंतर त्याच दोन भागांमध्ये उच्च व्होल्टेज देऊन रोधन टिकते का पाहतात. प्लॅस्टिकच्या ज्या भागाने जिवंत भाग धरून ठेवला आहे त्यावर १२५ अंश सेल्सिअसला पाच मिलिमीटरची पोलादी गोळी २० न्यूटनच्या भाराने तासभर टेकवतात आणि उमटलेला खड्डा दोन मिलिमीटरपेक्षा रुंद नसावा असे पाहतात. ६५० अंशांची तापलेली तार लावून प्लॅस्टिक पेट घेते का, घेतलाच तर तीस सेकंदांत विझते का, हेही तपासतात. भंगारातल्या प्लॅस्टिकच्या बॉड्या या दोन चाचण्यांत उघड्या पडतात, आणि बाजारात किलोच्या भावाने मिळणाऱ्या बॉड्या पाहिल्या की त्या कशाच्या असतील याचा अंदाज येतो.

आपल्या खोलीत यातील दोन गोष्टी नक्की करता येतील. पहिली मेगरची, म्हणजे विद्युतरोध मोजणाऱ्या यंत्राची. टोपीचे दोन्ही टिपके (होल्डरमधून वीज घेणारे बिंदू) तारेने एकत्र जोडा, बॉडीभोवती आणि टोपीच्या कड्याभोवती ॲल्युमिनियमचा कागद घट्ट गुंडाळा आणि ५०० व्होल्टच्या मेगरने टिपके व कागद यांच्यातील रोध मोजा. टिपके एकत्र जोडलेले असल्याने ड्रायव्हरला इजा होत नाही. हे नमुन्यादाखल न करता प्रत्येक बल्बला करा. दुसरी टोपीची. बी-२२ टोपी (नेहमीची दोन पिनांची) बॉडीवर इतकी घट्ट बसलेली हवी की ३ न्यूटन-मीटरच्या पिळाने ती सैल होऊ नये. एक फूट लांबीच्या आडव्या दांड्याच्या टोकाला एक किलोचे वजन टांगले की जवळजवळ एवढाच पीळ येतो. जुना होल्डर भिंतीवरच्या फळीत पक्का करा, बल्ब त्यात अडकवा, बॉडीला दांडा बांधा आणि वजन हळूच सोडा. टोपी फिरली तर पंचिंग (टोपी दाबून बॉडीवर पक्की करणे) कमी पडते आहे. वापरणारा माणूस बल्ब काढताना नेमका हाच पीळ देतो; टोपी होल्डरमध्ये राहून बॉडी हातात येण्याचे प्रकार यातूनच होतात.

छपाईही तपासा. व्होल्टेज, वॅट आणि उत्पादकाचे चिन्ह पाण्याने भिजवलेल्या फडक्याने १५ सेकंद पुसले, आणि वाळल्यावर हेक्झेन या द्रावकात भिजवलेल्या फडक्याने पुन्हा १५ सेकंद पुसले, तरी अक्षरे वाचता आली पाहिजेत. साध्या शिक्क्याची शाई येथे टिकत नाही. मात्र या घरच्या तपासण्यांनी प्रयोगशाळेचा अहवाल टळत नाही. नमुना तिथे नापास होऊन शुल्क वाया जाणे तेवढे टळते.

सचिव, महिला बचत गट (तासगाव)

सर्वांचे आभार. मेगर आमच्या गावातील मोटार रिवाइंडिंगवाल्यांकडे आहे, तो वापरायला मिळेल. आणखी दोन शंका आहेत. कुपवाडच्या एखाद्या नोंदणीकृत कारखान्यासाठी आम्ही आमच्याच खोलीत मजुरीवर जोडणी केली आणि नंबर त्यांचा छापला तर चालेल का? आणि पडून असलेले बल्ब विकायचे नाहीत हे समजले, पण शाळेला किंवा गणेश मंडळाला फुकट द्यायला हरकत आहे का?

अनुपालन विभाग, कुपवाड एमआयडीसी

मजुरीची जी रचना आपण सांगता ती चालणार नाही, कारण नोंदणी पत्त्याला बांधलेली आहे. कारखान्याचा नंबर तासगावच्या खोलीत जोडलेल्या बल्बवर आला की ॲपमधील पत्ता आणि खरा पत्ता जुळत नाही. दोन रचना नियमात बसतात. एक, ब्रँड आपला आणि उत्पादन नोंदणीकृत कारखान्याचे. त्यासाठी कारखान्याने आपला ब्रँड त्यांच्या नोंदणीत जोडून घ्यावा लागतो आणि ब्रँडच्या मालकीचे व अधिकारपत्राचे कागद द्यावे लागतात. यात गटाकडे विक्री राहते, जोडणीचे काम मात्र जाते, आणि काम हाच आपला हेतू असेल तर ही रचना अपुरी आहे. दुसरी, तालुक्यातील चार-सहा गटांनी मिळून एकच शेड घ्यावी, नोंदणी त्या पत्त्यावर एका संस्थेच्या नावाने करावी आणि सगळ्या महिलांनी तिथे येऊन काम करावे. प्रत्येक गटाने आपापल्या गावात वेगळी नोंदणी काढण्यापेक्षा हे परवडते, आणि आधीच्या प्रतिसादात सांगितलेली तपासणीची साधनेही एकाच ठिकाणी राहतात. मला विचाराल तर मी दुसरीच सुचवीन.

क्रम असा ठेवा की आधी उद्यम नोंदणी (लहान उद्योगांची सरकारी नोंदणी) आणि ब्रँडचे कागद, मग भागांचा पुरवठादार पक्का करणे, आणि त्यानंतरच नमुने प्रयोगशाळेत. अहवाल मिळाल्यापासून ९० दिवसांत अर्ज करावा लागतो, म्हणून कागद अपुरे असताना चाचणी करून घेऊ नका. नोंदणी दोन वर्षांची मिळते आणि नंतर नूतनीकरण होते. चाचणीनंतर ड्रायव्हर किंवा बॉडी स्वस्त मिळते म्हणून बदलली तर तो अहवाल आपल्या बल्बचा राहत नाही. बाजारातून उचललेल्या नमुन्यात हीच गोष्ट सर्वांत आधी सापडते. सूक्ष्म उद्योग असल्याने २०२२ च्या ई-कचरा नियमांची उत्पादक म्हणून नोंदणी आपल्याला लागणार नाही, तेवढे एक ओझे कमी.

फुकट वाटण्याबद्दल: कलम १७ मध्ये विक्रीबरोबर वितरणही आहे, शिवाय शाळेत लावलेल्या बल्बच्या बॉडीत वीज उतरली तर तो फुकट दिला होता याने काही फरक पडत नाही. ते बल्ब मेगर आणि पिळाच्या तपासणीच्या सरावाला वापरा, जे नापास होतील ते खोलून कोणत्या हाताची जोडणी कुठे चुकते ते पाहा, आणि उरलेल्यांचे ड्रायव्हर व चकत्या प्रशिक्षणासाठी काढून ठेवा. अर्जासाठी बीआयएसच्या पुणे शाखेला विचारणा करणार असाल तर प्रश्न ईमेलने पाठवा, म्हणजे उत्तर लेखी मिळेल.