ज्यूरीने दिलेली भरपाई न्यायाधीशांनी कमी करावी का?

निशिगंध: अमेरिकेतील मॅकडोनाल्ड्सच्या कॉफीचा खटला 'कॉफी सांडली आणि लाखो डॉलर मिळाले' एवढ्यावरच सांगितला जातो. १९९२ मध्ये अल्बुकर्की येथे ७९ वर्षांच्या महिलेच्या मांडीवर ती कॉफी सांडली तेव्हा त्वचारोपण करावे लागेल इतके ती खोलवर भाजली, आणि अशा भाजण्याच्या सातशेहून अधिक तक्रारी कंपनीकडे आधीच आलेल्या होत्या. ज्यूरीने, म्हणजे खटला ऐकणाऱ्या सामान्य नागरिकांच्या मंडळाने, २ लाख डॉलर भरपाई ठरवली, तिच्या २० टक्के चुकीपोटी ती १ लाख ६० हजारांवर आणली, आणि वर कंपनीला शिक्षा म्हणून २७ लाख डॉलर दंडात्मक भरपाई दिली. न्यायाधीशांनी हा दंड ४ लाख ८० हजारांवर आणला. सगळा पुरावा ऐकलेल्या नागरिकांचा निर्णय एका व्यक्तीने असा छाटणे मला अन्यायाचे वाटते.

ध्रुव: मी सहमत नाही. दंड ही शिक्षा आहे आणि शिक्षेला प्रमाण हवेच. स्टेट फार्म या विमा कंपनीच्या खटल्यात १० लाखांच्या भरपाईवर १४ कोटी ५० लाख डॉलर दंड ठोठावला गेला होता. २००३ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने तो रद्द केला, ते योग्यच झाले. शिवाय प्रत्यक्ष भरपाई जास्त वाटली, तरी संघीय (राज्यांच्या नव्हे, तर केंद्राच्या) न्यायालयातील न्यायाधीश ती परस्पर कापू शकत नाहीत. कमी रक्कम घ्या किंवा नव्याने खटला चालवा, असा पर्याय वादीला द्यावाच लागतो.

निशिगंध: दंडाला प्रमाण हवे, हे मान्य. पण ज्याची शस्त्रक्रियेची बिले थकली आहेत, तो फेरखटल्याची वर्षे कशी काढणार? हा पर्याय कागदावरच राहतो. त्यात ही वाट एकाच दिशेची आहे. १९३५ च्या डिमिक खटल्यात ज्यूरीने जखमी माणसाला ५०० डॉलर दिले होते, न्यायाधीशांनी प्रतिवादीच्या संमतीने ते १,५०० केले, आणि सर्वोच्च न्यायालयाने ही वाढ घटनाबाह्य ठरवली. रक्कम कमी करण्याची प्रथा मात्र जुनी म्हणून तशीच राहू दिली.

ध्रुव: ती विसंगती संघीय न्यायालयांपुरती आहे, कॅलिफोर्नियासारख्या राज्यांत न्यायाधीश रक्कम वाढवूही शकतात. माझा मुद्दा समानतेचा आहे. सारख्याच दुखापतीसाठी एकाला दोन लाख आणि दुसऱ्याला वीस लाख मिळत असतील, तर इतर निवाड्यांशी तुलना केल्याशिवाय न्याय कसा होणार?

मुक्ता: ही तुलनाच फसवी आहे, कारण दोन माणसांचे दुखणे सारखे नसते. न्यू जर्सी राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये असे स्पष्ट केले की, मानसिक त्रासाची भरपाई कमी करताना न्यायाधीशांनी दुसऱ्या खटल्यांतील आकड्यांचा किंवा आपल्या व्यक्तिगत अनुभवाचा आधार घेऊ नये. कायद्याने घातलेली सरसकट मर्यादा तर याहून वाईट. कॅलिफोर्नियात वैद्यकीय हलगर्जीपणाच्या दाव्यांत वेदनेची भरपाई १९७५ पासून २०२२ च्या अखेरपर्यंत अडीच लाख डॉलरवर गोठवलेली होती. बुडालेल्या पगारावर अशी मर्यादा नव्हती, त्यामुळे याचा फटका पगार नसलेल्या मुलांना, वृद्धांना आणि गृहिणींनाच अधिक बसला. न्यायाधीश निदान समोरची व्यक्ती पाहून, कारणे देऊन रक्कम कमी करतात. कायद्यातला आकडा कोणालाच पाहत नाही.