मदत हवी आहे: गुरुवारी आईच्या 'पिप'साठी असेसर घरी येतेय आणि आई चकल्या काढतेय

यूकेत कोणाच्या घरी पिपची, म्हणजे पर्सनल इंडिपेन्डन्स पेमेंटची (दीर्घ आजार किंवा अपंगत्व असलेल्यांना मिळणारा सरकारी भत्ता), होम व्हिजिट झाली आहे का? असेसर, म्हणजे तपासणी करणाऱ्या बाई, घरी येऊन आईला काय जमतं ते विचारणार. येत्या गुरुवारी आमच्याकडे आहे.

आई ६१ वर्षांची. लेस्टरला आई-बाबा आमच्यापासून दोन गल्ल्या सोडून राहतात. सात वर्षांपासून ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस, म्हणजे संधिवात. बोटं वाकली आहेत, गुडघेही गेलेत. आठवड्यातून एकदा मेथोट्रेक्सेट घेते, त्याच्या दुसऱ्या दिवशी तर तिला अंथरुणातून उठवत नाही.

फॉर्म मी नीट भरलाय. पण समोर कोणी बसलं की आई सगळं पुसून टाकणार, याची मला खात्री आहे. स्वयंपाक करता का विचारलं की 'करते की!' हे 'करते की' म्हणजे काय ते आम्हाला माहीत. बाबा भाजी चिरतात, कुकर उचलून ठेवतात. आई उंच स्टुलावर बसून फोडणीत मोहरी-हळद टाकते आणि दहा मिनिटांत बोटं दाबत बाहेर येऊन बसते. पोळ्या दीड वर्षं दुकानातल्याच. चहाचा कप कानाने धरवत नाही, दोन्ही तळव्यांत धरते. 'करते'चं इंग्रजी 'आय डू' होतं आणि 'कसंबसं' मध्येच गळून पडतं.

त्यात कालपासून घर आवरायला घेतलंय, म्हणजे बाबांना कामाला लावलंय. बाथ बोर्ड (आंघोळीला बसायची टबावरची फळी) माळ्यावर टाक म्हणते, आल्यागेल्याला कशाला दाखवायचा! असेसर बाईंना चहा आणि चकल्या द्यायच्या आहेत. आणि साडी नेसायची आहे, जी दोन वर्षांत नेसलेली नाही, कारण निऱ्या धरता येत नाहीत.

मी शेजारी बसून बोललेलं चालतं का? दुभाषी मागावा का? तिचं इंग्रजी दुकानापुरतं चांगलं आहे, दुखणं सांगण्याइतकं नाही. आणि 'कधी कधी जमतं' हे कसं सांगायचं? कारण खरंच कधी कधी जमतं. खोटं बोलायचं नाहीये.

प्रतिसाद १

ताई, माझ्या मिस्टरांची व्हिजिट झाली आहे. बाथ बोर्ड आहे तिथेच राहू द्या, औषधंही. त्यांचं बघणं दार कोण उघडतं इथपासून सुरू होतं. चहा तुम्ही करा.

तुमच्या 'कधी कधी'चं उत्तर नियमातच आहे. निम्म्याहून जास्त दिवस काय होतं, ते धरतात. आणि 'जमतं' कधी म्हणायचं? इजा न होता, बऱ्यापैकी नीट, लागेल तितक्यांदा, आणि धडधाकट माणसाच्या दुपटीपेक्षा जास्त वेळ न लावता जमलं तर. म्हणून 'करता का'ला नुसतं हो-नाही नको. काल काय झालं ते सांगा: कोणी चिरलं, कोणी उचललं, नंतर किती वेळ पडून राहिल्या. चालण्याचंही तसंच, 'थोडं चालते' म्हणू नका. २० मीटर आणि ५० मीटर या त्यांच्या रेषा आहेत. दारापासून कुठल्या खांबापर्यंत जातात ते आजच मोजून ठेवा. पोळ्यांवर मात्र फार वेळ घालवू नका. त्यांच्या लेखी स्वयंपाक म्हणजे एका माणसापुरतं, ताज्या जिनसांचं साधं जेवण.

शेजारी बसता येतं, बोलताही येतं. दुभाषी किंवा रेकॉर्डिंग हवं तर पत्रावरच्या नंबरला आजच फोन करा, आयत्या वेळी होत नाही.

प्रतिसाद २

वरच्या प्रतिसादाला +१. असेसर फक्त रिपोर्ट देतात, निर्णय डीडब्ल्यूपीचा, म्हणजे भत्ता देणाऱ्या सरकारी खात्याचा. जितकी अडचण जास्त तितके गुण जास्त: दैनंदिन कामांच्या भागात ८ गुणांना भत्त्याचा साधा दर, १२ ला वरचा. फिरण्याच्या भागाचे गुण वेगळे मोजतात. माझ्या भावाच्या रिपोर्टात 'हसतमुख, नीटनेटके' असं आलं आणि गुण ४! फोन करून रिपोर्टची प्रत मागवली, निर्णयापासून महिन्याच्या आत मॅंडेटरी रिकन्सिडरेशन (निर्णयाच्या फेरविचाराचा अर्ज) टाकलं, तेव्हा कुठे ९ झाले. तुम्हीही प्रत मागवाच.

धागाकर्ती

दोघांचे आभार. दुभाषी सांगितलाय, बाथ बोर्ड परत जागेवर. काल रात्री रंगीत तालीम घेतली. मी विचारलं, 'आंघोळ स्वतः करता का?' आई: 'हो, रोज!' बाबा आतून ओरडले, 'आणि पाठ कोण चोळतं, शेजारीण?' आई एवढी लाजली की तालीम तिथेच संपली. सकाळी मात्र आपणहून म्हणाली, 'ते पाठीचं तूच सांग, माझ्याच्याने नाही सांगवणार.'

साडीवर अजून अडून आहे. नेसवू का?

प्रतिसाद १

नेसवा की. बाईंनी साडीचं कौतुक केलं, की निऱ्या कोणी काढल्या ते सांगा. पिना किती लागल्या तेही.