विगल ट्रेस: कमांड-लाइनवरूनच काढावेत का?

झुआरीकाठ
प्रबंधात किंवा पोस्टरवर साइस्मिक सेक्शनचा (तळाखालच्या थरांवरून परतलेल्या ध्वनिलहरींच्या उभ्या छेदाचा) स्क्रीनशॉट चिकटवायची पद्धत बंद व्हायला हवी, असं माझं ठाम मत आहे. सेक्शनमध्ये काय दिसतं हे डेटाइतकंच क्लिप (ज्याच्या पुढची ॲम्प्लिट्यूड कापली जाते ती मर्यादा), गेन (ॲम्प्लिट्यूड किती वाढवली ते) आणि पोलॅरिटी (तरंगाची धन-ऋण बाजू) यांवर ठरतं, आणि स्क्रीनशॉटमध्ये यातल्या कशाचीच नोंद राहत नाही. कमांड लिहून काढलेल्या आकृतीत प्रत्येक आकडा समोर असतो. साइस्मिक युनिक्स हे कमांडवर चालणारं सॉफ्टवेअर फुकट आहे, साध्या लॅपटॉपवर चालतं. त्यातल्या सेगीरीडने सेग-वाय (साइस्मिक डेटाच्या प्रमाणित मांडणीची) फाइल वाचा, सुविंडने हवे तेवढे सीडीपी (रेघेवरचे क्रमांकित बिंदू) वेगळे करा, सुपीएसविगबीने विगल, म्हणजे प्रत्येक ट्रेस (एका बिंदूवरची नोंद) नागमोडी रेघेने दाखवणारी पोस्टस्क्रिप्ट आकृती काढा. गोव्यात दोनापावल असो, वास्को असो की ताळगाव, निदान छापायच्या आकृतीला हाच नियम असावा.

मिरामारचा_वारा
साफ असहमत. विगल हा कागदी रेकॉर्डच्या काळातला प्रकार. सहा इंच रुंदीत 1000 ट्रेस बसवले तर एका ट्रेसच्या वाट्याला 0.15 मिमी येतात, म्हणजे 300 डीपीआयला दोन पिक्सेलसुद्धा नाहीत. नुसता काळा पट्टा उमटतो. ॲम्प्लिट्यूड रंगाने दाखवणाऱ्या लाल-निळ्या डेन्सिटी प्लॉटमध्ये पोलॅरिटीही दिसते आणि सर्वेक्षणाची अख्खी रेघही मावते. हॉरिझन (थराची सीमा) पिक करताना, म्हणजे सेक्शनवर आखताना, क्लिप पन्नास वेळा बदलावा लागतो. दर वेळी कमांड लिहून पीडीएफ उघडत बसायचं का?

सड्यावरून
गणित बरोबर आहे, पण अख्खी रेघ विगलमध्ये काढा असं कुणी म्हणतच नाही. त्याच सहा इंचांत 120 ट्रेस घ्या. प्रत्येकाला 1.27 मिमी, म्हणजे 15 पिक्सेल मिळतात आणि तरंगाचा आकार वाचता येतो.

बीएसआरचंच बघा, म्हणजे समुद्रतळाला समांतर जाणारी, गॅस हायड्रेटची (बर्फासारख्या घन रूपातल्या वायूची) खूण मानली जाणारी परावर्तन-रेषा. झीरो-फेज (मधल्या शिखराभोवती सममित तरंगाच्या) डेटात समुद्रतळाशी मधोमध काळं भरलेलं पोट असतं, वर-खाली पांढऱ्या खाचा. बीएसआरशी नेमकं उलट: मधोमध पांढरी खाच आणि तिच्या वर-खाली दोन लहान काळी पोटं. पोलॅरिटी उलटल्याचा हा पुरावा डोळ्यांनी मोजता येतो. डेन्सिटी प्लॉट कृष्णधवल छापला की लाल आणि निळा दोन्ही सारखेच करडे होतात, तेव्हा काय दाखवणार? अर्थात बीएसआरसारखी रेषा दिसली म्हणजे हायड्रेट सापडलंच असं नाही. 2006 च्या राष्ट्रीय मोहिमेत कृष्णा-गोदावरी खोऱ्यात हायड्रेट मिळालं, आपल्या बाजूच्या केरळ-कोकण खोऱ्यातल्या विहिरीत मिळालं नाही. म्हणूनच आकृती तपासता येण्याजोगी हवी.

आता काळा पट्टा किंवा कोरा कागद का येतो ते. सुपीएसविगबीत ‘पर्क’ (क्लिप कितव्या पर्सेंटाइलवर ठेवायचा तो आकडा) न दिल्यास तो 100 धरला जातो. एखाद्या ट्रेसवर एकच मोठा स्पाइक असला तरी क्लिप त्याच्यावर ठरतो आणि बाकीचे ट्रेस सरळ रेघा होतात. पर्क 98 किंवा 99 ठेवा. ‘एक्सकर’ (ट्रेस किती झुकावा तो आकडा) 1 असला की क्लिपइतकी ॲम्प्लिट्यूड बरोबर एका ट्रेसच्या अंतराएवढी झुकते, 1.5 पर्यंत चालतं, 3 केलात तर शेजारचे दोन-तीन ट्रेस गाडले जातात. ‘एनबीपीआय’ (दर इंचाला बिटमॅपचे किती ठिपके) मुळात 72 असतो, त्यामुळे छपाईत कडा करवतीसारख्या येतात. तो 300 करा. सुपीएसविगपी बिटमॅपऐवजी पॉलिगॉन काढतो, कडा सुरेख येतात, पण 120 ट्रेस गुणिले 1500 नमुने म्हणजे 1,80,000 बिंदू. फाइल फुगते.

सगळाच सेक्शन गोंगाट दिसला तर सेग-वाय फाइलचं बायनरी हेडर (सुरुवातीचा माहितीचा भाग) पाहा. 3225-3226 या बाइट्समध्ये 1 म्हणजे आयबीएम फ्लोट, 5 म्हणजे आयईईई; दोन्ही संख्या साठवण्याच्या पद्धती. हेडर 1 म्हणतो आणि आत आयईईई भरलेलं असतं, असं होतं. मग सेगीरीडला ‘ओव्हर’ 1 आणि ‘फॉरमॅट’ 5 द्यावा लागतो.

ताळगाव_पठार
कमांड लिहिली म्हणून आकृती प्रामाणिक होत नाही. स्क्रिप्टमध्ये सुगेन या कमांडचा एजीसी (आपोआप बदलणारा गेन) अर्ध्या सेकंदाच्या खिडकीने लावलेला असतो आणि मजकुरात समुद्रतळ व बीएसआरच्या ॲम्प्लिट्यूडची तुलना केलेली असते! एजीसी प्रत्येक खिडकीतली ऊर्जा सारखी करतो; तुलना तिथंच संपते. शिवाय जोरदार समुद्रतळाच्या लगेच खाली दबलेला फिका पट्टा येतो आणि तो गाळातला पारदर्शक थर म्हणून वाचला जातो. भौमितिक क्षय (लहर पसरत जाताना होणारी घट) भरून काढायला ‘टीपॉव’ (वेळेच्या कितव्या घाताने गुणायचं तो आकडा) 1 किंवा 2 पुरेसा असतो, आणि त्यात ट्रेस-ट्रेसमधला संबंध टिकतो.

झुआरीकाठ
एजीसीबद्दल पूर्ण सहमत. पण ती चूक तुम्हाला दाखवता आली ती स्क्रिप्टमध्ये लिहिलेली होती म्हणूनच. स्क्रीनशॉटमध्ये ती कुणाला कळली असती?

मुरगावहून पश्चिमेला शेल्फच्या (किनाऱ्यालगतच्या उथळ समुद्रतळाच्या) कडेवरून खोल पाण्यात जाणाऱ्या रेघेची आणखी एक अडचण. 1500 मीटर खोलीला तळाचं प्रतिध्वनी-उत्तर साधारण 2 सेकंदांनी येतं, म्हणून रेकॉर्डिंग उशिरा सुरू करतात आणि तो उशीर ट्रेस हेडरच्या 109-110 बाइट्समध्ये असतो. प्लॉटिंग प्रोग्राम तो फक्त पहिल्या ट्रेसमधून उचलतो. मध्येच उशीर बदलला की समुद्रतळाला पायरी पडते, आणि ती फॉल्ट म्हणून रंगवली जाऊ शकते. आधी सुशिफ्टने सगळे ट्रेस एकाच सुरुवातीच्या वेळेवर आणा.

मिरामारचा_वारा
छापील आकृतीपुरतं मान्य. पिकिंग मात्र स्क्रीनवरच होणार, आणि विगलच्या तुकड्यात वाचकाला रेघेचा आवाका कळत नाही, हा आक्षेप कायम आहे.

सड्यावरून
त्या आक्षेपासाठी जीएमटी या नकाशे-आलेख काढणाऱ्या सॉफ्टवेअरचं पीएससेगी वापरून बघा. ते ट्रेस एकाच रंगाच्या बिटमॅपने काढतं आणि पार्श्वभूमी पारदर्शक ठेवतं. म्हणजे खाली तुमचा लाल-निळा प्लॉट, वर दर दहावा ट्रेस विगलमध्ये. फक्त ‘डी’ (1 इतक्या ॲम्प्लिट्यूडला ट्रेस किती झुकावा) जपून द्या: तो क्ष-अक्षाच्या एककात असतो. अक्ष सीडीपीचा असेल आणि कच्च्या ॲम्प्लिट्यूड हजारांत असतील, तर डी 1 दिल्यावर एकेक ट्रेस हजारो सीडीपी झुकतो आणि कागद काळा होतो. ‘एन’ने प्रत्येक ट्रेस नॉर्मलाइझ करून सुटका होते, पण मग ट्रेस-ट्रेसमधली तुलना पुन्हा गेली. त्यापेक्षा आधी सगळ्या रेघेला एकाच संख्येने भागा, क्लिप 1 द्या आणि डी 6 ते 8 च्या दरम्यान ठेवा.