पीएसए वाढला म्हणून लगेच बायोप्सी?

वडिलांचा पीएसए (प्रोस्टेट ग्रंथीसाठीची रक्ततपासणी) ५.८ आलाय, लगेच बायोप्सी (ग्रंथीचा तुकडा काढून तपासणं) करावी का, असं एकांनी विचारलंय. आधी लघवीची तपासणी करून घ्या. ठाण्यात नौपाड्यातल्या आमच्या काकांचा ९ आला होता, जंतुसंसर्ग निघाला. औषधं घेऊन दोन महिन्यांनी पुन्हा रक्त दिलं तर ३.१. तोवर काकांनी तलावपाळीच्या फेऱ्या बंद करून मृत्युपत्र काढलं होतं!

आणि वडील प्रोस्टेटसाठी फिनास्टेराइड घेत असतील तर डॉक्टरांना आवर्जून सांगा. सहा महिने ती गोळी घेतली की आकडा साधारण निम्मा दिसतो, म्हणजे ५.८ हा ११च्या पुढे धरायचा. दुसऱ्यांदाही जास्तच आला तर बायोप्सीआधी एमआरआयचं विचारा. बायोप्सीत ग्लीसन ६ (कमी जोखमीच्या कॅन्सरची श्रेणी) निघाला तरी बहुतेकदा ऑपरेशनची घाई नसते, नियमित तपासण्या करत लक्ष ठेवतात.