पोस्टग्रेस : तारीख आणि पूर्णांक यांपासून टाइमस्टॅम्प देणारे फंक्शन - मदत हवी आहे

नमस्कार. एका साखर कारखान्याच्या वजनकाट्यावरील नोंदी पोस्टग्रेस या डेटाबेसमध्ये आणताना मी टाइमस्टॅम्प (तारीख व वेळ यांचे एकत्र मूल्य) देणाऱ्या एका फंक्शनपाशी अडकलो आहे. जुन्या टेबलमध्ये तारीख 'डेट' प्रकारात असून वेळ पूर्णांकात आहे : 930 म्हणजे सकाळचे साडेनऊ, 210 म्हणजे रात्रीचे दोन वाजून दहा मिनिटे. नवा काटा मात्र 1 जानेवारी 1970 पासूनचे यूटीसी (जागतिक प्रमाणवेळ) सेकंद साठवतो. उसाची एकच खेप दोन्हीकडे असेल, तर दोन्हींतून तोच क्षण मिळायला हवा.

सुरुवातीला मी तारखेत पूर्णांक सरळ मिळवला. पोस्टग्रेस अशा बेरजेत पूर्णांकाला दिवस मानतो, त्यामुळे 1 नोव्हेंबर 2023 ची 210 वाजताची खेप 29 मे 2024 ला जाऊन पडली. मग 100 ने भागून तास व मिनिटे वेगळी केली आणि 'मेक_टाइम'ने झालेली वेळ तारखेत मिळवली. कालावधी बनवणाऱ्या 'मेक_इंटरव्हल'नेही हे जमते, पण 1275 अशी चुकीची नोंद तिथे निमूटपणे दुपारी सव्वाची होते. 'मेक_टाइम' त्याच ओळीवर त्रुटी देते, आणि शेतकऱ्याच्या वजनपावतीचा प्रश्न असल्यामुळे काम तिथे अडलेलेच मला योग्य वाटते.

कारखान्याचा दिवस सकाळी 8 ते दुसऱ्या दिवशी सकाळी 8 असा धरतात. म्हणून पूर्णांक 800 पेक्षा लहान असल्यास मी तारखेत 1 मिळवतो, म्हणजे वरील खेप 2 नोव्हेंबरच्या पहाटे 2:10 ला येते. नव्या काट्यावर हीच खेप 1698871200 अशी आहे. सर्व्हरचा टाइमझोन यूटीसी असल्याने सेकंदांचा टाइमस्टॅम्प करणाऱ्या 'टू_टाइमस्टॅम्प'चे उत्तर साध्या (टाइमझोनशिवायच्या) टाइमस्टॅम्पमध्ये कास्ट केले, म्हणजे त्या प्रकारात बदलले, की 1 नोव्हेंबर 20:40 दिसते. 'अ‍ॅट टाइम झोन' वापरून 'एशिया/कोलकाता' असे स्पष्ट लिहिल्यावर दोन्ही उत्तरे जुळतात.

आता खरी अडचण. या फंक्शनवर मला इंडेक्स (शोध जलद करणारी सूची) हवा आहे आणि त्यासाठी ते 'इम्युटेबल', म्हणजे त्याच इनपुटला नेहमी तेच उत्तर देणारे, असावे लागते. सेशनच्या (चालू जोडणीच्या) टाइमझोनवर अवलंबून असलेले कास्ट काढून टाकले आहे, तरीही मी लावलेले लेबल खरे आहे की नाही हे पोस्टग्रेस स्वतः तपासत नाही. झोनचे नाव फंक्शनमध्येच लिहिलेले असताना 'इम्युटेबल' म्हणणे बरोबर ठरेल का? आणि फंक्शनने टाइमझोनसह टाइमस्टॅम्प परत द्यावा, की टाइमझोनशिवाय? ज्यांनी अशा इंडेक्सवर काम केले आहे, त्यांनी कृपया कारणासहित सांगावे.